बहुमताने

रत्नमाला नंदागवळी आमदार झाली त्याच वर्षी भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले. गोंदिया वेगळा निघाला, तलाव आणि जंगल दोघांत वाटले गेले, दारूगोळ्याचा कारखाना तेवढा भंडाऱ्याकडे राहिला. रत्नमालेचे वडील गुलाबराव त्याच कारखान्यात नोकरी करून निवृत्त झाले होते, आणि आता तिचा नवरा संघपाल तिथे होता. त्यामुळे लढाईची चाहूल या घराला पेपरच्या आधी लागायची. कारखान्यात दोनाच्या तीन पाळ्या झाल्या की गुलाबराव म्हणायचे, "कुठंतरी काहीतरी सुरू होऊन राहिलं."

ती आमदार झाल्याला दोन वर्षं झाली, त्या डिसेंबरात दिल्लीत संसदेवर हल्ला झाला आणि आठवडाभरातच संघपालच्या पाळ्या बदलल्या. फौजेच्या गाड्या रात्रंदिवस पश्चिमेकडे चालल्याच्या बातम्या येऊ लागल्या. नागपूरला विधानसभेचं हिवाळी अधिवेशन सुरू होतं. तिथे एक ठराव येणार असल्याचं रत्नमालेला सकाळी आमदार निवासात कळलं. आता वाट न पाहता सैन्य सीमेपलीकडे घुसवावं आणि शत्रूला कायमचा धडा शिकवावा, अशी शिफारस सभागृहाने केंद्र सरकारला करायची होती. सत्ताधारी आणि विरोधक, दोघांनी मिळून मजकूर ठरवला होता. चर्चा नव्हती. एकमताने मंजूर, टाळ्या, आणि पुढचं काम.

तिने तो कागद उभ्याउभ्याच वाचला, पुन्हा वाचला, आणि चहा तसाच ठेवून वासुदेवरावांच्या खोलीत गेली. वासुदेवराव पक्षाचे जुने नेते. शाळेतल्या मास्तरीणबाईला तिकीट देऊन निवडून आणायचं धाडस त्यांनीच केलं होतं. ती त्यांना भाऊ म्हणायची.

"भाऊ, याला मी हो म्हणू शकत नाही."

वासुदेवराव दाढी करत होते. आरशातूनच ते म्हणाले, "तुले कोण हो म्हण म्हन्ते? हात वर करायचा नाई, बटन दाबायचं नाई. अध्यक्ष विचारतीन, सारे ओरडतीन, झालं."

"मी तिथे बसलेली असेन ना."

"मंग बसू नोको. बाहेर जाऊन चहा पी. दहा मिनिटांचं काम हाये." त्यांनी तोंड पुसलं आणि पहिल्यांदा तिच्याकडे वळून पाहिलं. "रत्नमाला, तिकडं उत्तरेत निवडणुका येऊन राहिल्या. दिल्लीवाल्यायले हे पायजे. आपल्यावाल्यायले बी पायजे, नाई तर ते पुढे निघून जातीन. यात तत्त्व-बित्त्व काई नाई. तू मधात नोको येऊ."

ती खाली आली. विधानभवनाच्या आवारात तिने दोन चकरा मारल्या. उपाहारगृहात जाऊन चहा सांगितला आणि तो यायच्या आत उठली. बाहेर चहा पिणं सोपं होतं, कुणाला कळलंही नसतं. हेच तिला सहन होत नव्हतं. लढाई हवी म्हणणारे मोठ्याने म्हणणार, आणि नको म्हणणारी उपाहारगृहात बसणार.

ठराव वाचून झाला. बाकं वाजली. अध्यक्षांनी विचारलं, "ठराव एकमताने संमत करावा, अशी सभागृहाची इच्छा आहे काय?"

"होय" चा मोठा आवाज उठला. तो ओसरायच्या आत रत्नमाला उभी राहिली. "नाही," ती म्हणाली. आवाज चिरकला म्हणून तिने पुन्हा म्हटलं, "नाही, अध्यक्ष महाराज."

सगळे एकदम बोलू लागले. अध्यक्षांनी घंटा वाजवली आणि नाइलाजाने तिला दोन मिनिटं दिली.

"हल्ला करणाऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे, त्यात मी सगळ्यांच्या सोबत आहे," ती म्हणाली. "पण या ठरावात शिक्षा मागितलेली नाही, युद्ध मागितलेलं आहे. माझ्या तालुक्यातल्या एका कालव्यासाठी या सभागृहाने चार वर्षं समित्या नेमल्या. आणि युद्धासाठी दहा मिनिटं? ज्या नेत्यांनी हा ठराव लिहिला त्यांना मी विचारते, हे युद्ध कुठे थांबवायचं ते तुम्हाला माहीत आहे का? दोन्हीकडे अण्वस्त्रं आहेत. माहीत नसेल तर तुम्ही ते मागता कशाच्या जोरावर? इकडचे आणि तिकडचे, दोन्ही बाजूंचे पुढारी एकमेकांपेक्षा मोठ्याने ओरडायच्या नादात आहेत, कारण समोर निवडणूक आहे. ओरडणार तुम्ही, आणि जाणार माझ्या गावातली पोरं. मी याला संमती देणार नाही."

शेवटचं वाक्य कुणाला ऐकू गेलं नाही. कुणीतरी कागदाचा बोळा फेकला. तिच्याच पक्षाचे दोन आमदार "खाली बसा" म्हणून ओरडत होते. अध्यक्षांनी पुढाऱ्यांबद्दलचे शब्द कामकाजातून काढायला सांगितले आणि जाहीर केलं, की ठराव बहुमताने संमत झाला आहे.

तो एक शब्द बदलला, एवढंच झालं. पण दुपारपासून टीव्हीवर तोच शब्द होता.

संध्याकाळी ती गाडीने भंडाऱ्याकडे निघाली. गाडी ड्रायव्हर ईश्वर चालवत होता. ठाणा पेट्रोल पंपाजवळ रस्ता अडवलेला होता. टायर पेटवले होते आणि साडी नेसवलेल्या एका पुतळ्याला लोक चपला मारत होते. पुतळ्याच्या गळ्यात तिच्या नावाची पाटी होती. ईश्वर म्हणाला, "ताई, गाडी मांगं घेतो. गावातून निघू."

"नको. थांब इथंच."

ती उतरली. गर्दीतले अर्धे चेहरे तिच्या ओळखीचे होते. कारखान्याच्या वसाहतीतले लोक होते, काही तिच्या प्रचारात फिरलेले. ती समोर आल्यावर घोषणा जरा विस्कटल्या. विनोद बोरकर नावाचा तरुण पुढे आला. फौजेच्या भरतीत तो दोनदा छातीच्या मापात कमी पडला होता, आणि पत्र मागायला तिच्याकडे येऊन गेला होता.

"ताई, तुमी काहून बोलल्या तसं? आमाले तोंड दाखवाले जागा नाई ठेवली."

"मला जे वाटलं ते बोलली, विनोद."

"तुमाले वाटून काय होते? लोकायनं निवडून देल्लं ना तुमाले. लोकायले काय वाटते ते बोला ना."

लोकांना काय वाटतं हे तिने विचारलं नव्हतं, ही गोष्ट खरी होती. ती म्हणाली, "पुढच्या वेळी मत देऊ नको मला. तो तुझा हक्क आहे. पण मी तिथे असेपर्यंत मला पटत नाही त्याला हो म्हणणार नाही."

मागून एक चप्पल आली आणि तिच्या खांद्याला लागली. विनोदने मागे वळून शिवी हासडली. मग त्यानेच टायर बाजूला ओढून गाडीला वाट करून दिली, मात्र तिच्याकडे पाहिलं नाही.

तकिया वॉर्डातल्या घरी सासू मंगलाबाई दारातच बसल्या होत्या. दिवसभर फोन वाजत होता, शेवटी त्यांनी तो काढून ठेवला होता. सून हातपाय धुऊन आल्यावर त्यांनी विचारलं, "भेव लागला होता का तुले?"

"लागला होता."

"मले बी लागला टीव्हीत पाहून," मंगलाबाई म्हणाल्या आणि ताट वाढायला उठल्या.

संघपाल पाळी संपवून आला. डबा जसाच्या तसा होता. त्याच्या सेक्शनमध्ये जेवणाच्या सुट्टीत कुणी त्याच्या बाकावर बसलं नव्हतं, आणि त्यालाही घास गेला नव्हता. तो शर्टाच्या गुंड्या काढत म्हणाला, "तू बोलली ते चूक हाये असं मी नाई म्हनत. पन सकाळी फोन करून सांगतली असती, तर मी सुट्टी तरी टाकली असती."

"वेळ नव्हता."

"चहा प्याले वेळ होता म्हन्ते." वासुदेवरावांनी त्यालाही फोन केला होता, हे तिच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून घरात भांडण असं झालं नाही, पण दोघं एकमेकांशी जपून बोलू लागले. रत्नमालेला झोप लागेना. बसल्या जागी ती उठायची, अंगणात जायची, परत यायची. लढाई लागली तर आपण बरोबर ठरणार, आणि नाही लागली तर सुटणार, असा विचार मनात यायचा आणि तिला स्वतःचाच संताप यायचा.

लढाई लागली नाही. फौज सीमेवर नुसती उभी राहिली. आणि फेब्रुवारीत, धानाच्या बांध्यांमध्ये लाखोरीच्या पिकाला निळी फुलं असताना, आंधळगावच्या गोमाजी शेंडेचा मुलगा वीरेंद्र तिकडून तिरंग्यात गुंडाळून आला.

वासुदेवरावांचा निरोप होता, तू येऊ नको. ती गेली. आंधळगावच्या शाळेच्या मैदानावर तालुका लोटला होता. पुढाऱ्यांसाठी मंडप होता. रत्नमाला मंडपाकडे न जाता बायकांमध्ये जाऊन बसली. शेजारच्या एकीने तिला ओळखलं आणि हळूच म्हणाली, "ताई, तुमी घरी जा ना. आज नोको." ती उठली नाही. वीरेंद्रची आई रुखमा डोळे मिटून डोलत होती. तिने आधाराला हात पुढे केला, तो रत्नमालेच्या दंडाला लागला, आणि कोणाचा दंड आहे हे न पाहता तिने तो शेवटपर्यंत धरून ठेवला.

वासुदेवराव माइकवर म्हणाले, "आपल्या वीरेंद्रनं शत्रूशी लढता लढता प्राण ठेवला. त्याच्या रक्ताची शपथ घेऊन सांगतो, बदला घेतल्याशिवाय हा देश स्वस्थ बसणार नाही. सभागृहात ज्यांना बदला नको होता, त्यांनी आज डोळे उघडून इकडं पाहावं." लोकांनी माना वळवल्या. वीरेंद्रची बायको रुपा सासूच्या पलीकडे बसली होती. तीही रत्नमालेकडे पाहत होती. मात्र तिच्या नजरेत राग नव्हता. काहीतरी विचारायचं असावं तसं ती पाहत होती.

तेरवी झाल्यावर रुपा एसटीने एकटीच भंडाऱ्याला आली. पंचविशीची, दहावी शिकलेली. रत्नमालेने दिलेलं पाणी तिने घेतलं नाही.

"ते लढताना नाई मेले," ती म्हणाली. "त्यायच्या संगतीच्या जवानानं गावच्या एसटीडीवर फोन केला होता. मले बोलावून सांगतलं त्यानं. शेतायमधी सुरुंग पेरून राहिले होते. पेरताना फुटला. आजूबाजूले दुश्मन नोता, काई नोता. दोन कोसावर बी नोता."

रत्नमालेच्या मनात पहिल्यांदा जे उसळलं ते दुःख नव्हतं. ते समाधान होतं, हे तिला त्याच क्षणी कळलं आणि ती खुर्चीवरून उठून खिडकीपाशी गेली. न झालेल्या लढाईत मेलेला माणूस. मार्चमध्ये मुंबईला अधिवेशन होतं. एवढं एक वाक्य सभागृहात बोललं, की वासुदेवरावांना तोंड वर करायला जागा उरणार नव्हती.

"तुमी बोला तिथं," रुपा म्हणाली. "मंडपात खोटं बोलले ते. माह्या नवऱ्याच्या नावानं बदला मागून राहिले. मले कोणाचाच बदला नाई पायजे."

"बोलेन," रत्नमाला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गोमाजी आला. डोक्याला पांढरा रुमाल, पायात नव्या चपला. तो सोफ्यावर न बसता दाराशी उकिडवा बसला.

"पोरगी येऊन गेली म्हन्तेत तुमच्याकडं."

"हो."

"तिचं खरं असंन. मी खोटं नाई म्हनत." त्याने डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. "पन बाई, तुमी तिथं सुरुंगाचं बोलान, तं उद्या लोक म्हनतीन, त्याचाच हात चुकला असंन. लढून मेला, इथवर ठीक हाये. धांदरटपनानं मेला, असं जर का कोणी म्हनलं, तं त्याची माय जगनार नाई. तुमाले तुमची बाजू लढवाची असंन तं लढवा. माह्या पोराले मधात नोका घेऊ."

"गोमाजीभाऊ, त्याची चूक होती असं मी कधीच म्हणणार नाही."

"तुमी नाई म्हननार. लोक म्हनतीन."

तो गेल्यावर रत्नमाला घरभर फिरत राहिली. संघपाल म्हणाला, "बायकोचा हक्क पहिला. तिनं सांगतलं ना बोल म्हून." मंगलाबाई म्हणाल्या, "बापाचं बी काळीज हाये." दोघांचंही बरोबर होतं. मुंबईच्या गाडीत बसेपर्यंत तिचं काही ठरलं नाही.

मुंबईत वासुदेवरावांनी तिला लॉबीत गाठलं. त्यांचा सूर नरम होता. "एक वाक्य बोल. भावना दुखावल्या असतीन तं खेद हाये, एवढंच. बाकी मी पाहून घेतो. मले तुले काढाची हौस नाई, रत्नमाला."

"ठीक आहे, बोलते," ती म्हणाली.

सभागृहात ती उभी राहिली. "डिसेंबरमध्ये मी युद्धाच्या ठरावाला विरोध केला," ती म्हणाली. "माझं मत आजही तेच आहे. मला खेद नाही. फौज तीन महिने सीमेवर उभी आहे, आणि ती तिथे कशासाठी उभी आहे, हे तिला तिथे उभं करणाऱ्या नेत्यांपैकी एकानेही लोकांना सांगितलेलं नाही. ते त्यांनी सांगावं, एवढी माझी मागणी आहे."

समोरच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "आंधळगावच्या शहिदाच्या घरी जाऊन सांगा हे. तो लढताना गेला."

ती बोलायला गेली. वाक्य ओठावर तयार होतं. वासुदेवरावांकडे तिची नजर गेली, आणि त्यांनी मान खाली घातली. त्यांनाही माहीत होतं तर. त्या क्षणी ती बोलली असती तर जिंकली असती, आणि वीरेंद्र तिच्या भाषणातला एक मुद्दा झाला असता, जसा तो वासुदेवरावांच्या भाषणातला होता. तिने तोंड मिटलं आणि ती खाली बसली. समोरच्यांना वाटलं, हिच्याकडे उत्तर नाही. बाकं वाजली.

पक्षातून निलंबन झाल्याचं तिला संध्याकाळी पत्रकारांकडून समजलं. पण त्या दिवसाचं सगळ्यात जड बोलणं फोनवर झालं. रुपा आंधळगावच्या एसटीडीवरून बोलत होती.

"तुमी बोलतो म्हनल्या होत्या."

"तुझे सासरे आले होते, रुपा."

"माहीत हाये मले. मंग मले फोन करून नाई म्हनाचं होतं. मी सकाळपासून टीव्हीसमोर बसली होती." ती रडत नव्हती. "मामाजीले भेव वाटते, तुमी त्यायचं ऐकलं. ते तिथं खोटं बोलले, तुमी गप राहिल्या. माह्या नवऱ्याले काय फरक पडला?"

रत्नमाला म्हणाली, "तुझं खरं आहे. तुला आधी सांगायला हवं होतं." फोन बंद झाला. गप्प बसणं बरोबर होतं की भित्रेपणाचं होतं, हे तिला त्यानंतरही कधी नीट सांगता आलं नाही. संघपालला तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मले नाई समजत. पन त्यायच्यावानी त्याले वापरलं नाई, हे बरं केलं." नागपूरपासून पहिल्यांदाच तो तिच्या बाजूला येऊन बसला होता.

पंधरा ऑगस्टला आंधळगावात वीरेंद्रचं स्मारक उघडायचं होतं. रत्नमालेला बोलावणं नव्हतं. ती छत्री घेऊन मैदानाच्या कडेला उभी राहिली. वासुदेवरावांनी गोमाजीला गावात विणलेल्या कोसा रेशमाची शाल पांघरली आणि रुपाला दोन शब्द बोलायला सांगितले. "धन्यवाद म्हन फक्त," असं ते हळू म्हणाल्याचं माइकमधून सगळ्यांनाच ऐकू आलं.

रुपाने पदर सावरला. "माहे मालक लढताना नाई मेले," ती म्हणाली. "सुरुंग पेरताना मेले. तिकडं लढाई झालीच नाई. ज्यायनं त्यायले तिथं उभं केलं, त्यायनं कायले उभं केलं ते सांगावं. आनि त्यायच्या नावानं बदला नोका मागू."

कुणीतरी माइक बंद केला. ती तशीच बोलत राहिली, पण मागच्या रांगांना ऐकू जाईना. मंडपात कुजबुज उठली. पुढे बसलेला एकजण मोठ्याने म्हणाला, "म्हन्जे हातातच फुटला का?"

गोमाजी उठला. खांद्यावरची शाल सरकून खुर्चीवर पडली. तो सुनेच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि माइक नसताना, शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी तसा बोलला, "पोरगी खरं बोलून राहिली. हुकूम होता, म्हून पेरत होता. माह्या पोराचा हात चुकला नाई." रुपाने त्याचा हात धरला आणि दोघं मंडपातून उतरून घराकडे चालू लागले. रुखमा मागून गेली. ते रत्नमालेच्या समोरून गेले, तेव्हा गोमाजीने तिच्याकडे पाहून मान हलवली. रुपाने पाहिलं नाही.

दिवाळीच्या सुमारास फौज परत फिरली. का गेली होती आणि का परतली, ते कुणी सांगितलं नाही. ठरावाची आठवणही कुणी काढली नाही. दोन वर्षांनी रत्नमाला अपक्ष उभी राहिली आणि पडली. आंधळगावातही तिला आघाडी मिळाली नाही. वासुदेवरावांनी तिच्या जागी आपल्या पुतण्याला निवडून आणलं. तिने लाखांदूरच्या एका खासगी शाळेत पुन्हा शिकवायला सुरुवात केली. पहाटेची एसटी धरून जायची, संध्याकाळी परत यायची. पहिल्या महिन्यात रस्त्यात लोक तिच्याकडे पाहून बोलायचे, मग तेही बंद झालं.

एका शनिवारी रुपा शाळेत आली. तिला अंगणवाडीत काम मिळालं होतं. तासाची घंटा होईपर्यंत ती व्हरांड्यात उभी राहिली.

"तो सुरुंग कसा फुटला, माल जुना होता का, चौकशीत काय निघालं, ते मले विचाराचं हाये," ती म्हणाली. "नागपूरले फौजेचं हापिस हाये. मामाजी म्हनतेत, एकटी नोको जाऊ."

"मी आता आमदार नाही, रुपा. माझ्या नावाने तिथे कोणी खुर्चीसुद्धा देणार नाही."

"खुर्ची कोण मागून राहिलं? तुमी संगं चाला. बोलन मी."

रत्नमालेने मुख्याध्यापकांकडून सोमवारची सुट्टी मागून घेतली.